चार मीटरांतली एसयूव्ही आणि रोजचा रस्ता

भारतात ‘कॉम्पॅक्ट एसयूव्ही’ या नावाने आज जो मोटारींचा वर्ग ओळखला जातो, त्याचा आकार रस्त्याने किंवा प्रवाशांच्या गरजेने ठरण्याआधी अबकारी कराच्या एका तरतुदीने ठरवला आहे. २००६-०७ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले आणि लहान मोटार कोणती हे सांगताना तीन मापे दिली : लांबी ४,००० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या, म्हणजे घनसेंटिमीटरच्या, आत असावे आणि डिझेल इंजिन १,५०० सीसीच्या आत असावे. त्या वेळी ही सवलत हॅचबॅक मोटारींच्या, म्हणजे डिकीचा भाग वेगळा बाहेर न आलेल्या आणि मागचे दार काचेसकट वर उघडणाऱ्या छोट्या गाड्यांच्या, खपासाठी होती. परंतु करातील फरक एवढा मोठा होता, की पुढे उंच बांध्याच्या गाड्याही त्याच मापात बसवण्याची चढाओढ उत्पादकांत सुरू झाली. त्याचा परिणाम कोणत्याही शोरूममधील माहितीपत्रकात पाहायला मिळतो. टाटा नेक्सॉन, मारुती ब्रेझा, ह्युंदाई व्हेन्यू, किया सोनेट आणि स्कोडा कायलॅक या पाचही गाड्यांची लांबी ३,९९५ मिलिमीटर आहे आणि महिंद्रची थ्री एक्स ओ ३,९९० वर थांबते. निरनिराळ्या देशांतील कंपन्यांच्या अभियंत्यांनी आपापले काम करत पाच मिलिमीटरांच्या अंतरात येऊन पोहोचावे, यामागे सौंदर्यदृष्टी किंवा शास्त्र शोधण्याचे कारण नाही.

या मापातल्या सुरुवातीच्या प्रयत्नांत महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. ‘पद्मिनी’मुळे घराघरांत माहीत झालेल्या प्रीमियर कंपनीने २००९ मध्ये चिंचवडहून ‘रिओ’ ही चार मीटरांच्या आतली उंच गाडी बाजारात आणली आणि २०१२ मध्ये महिंद्रने आपली ‘झायलो’ मागून आखूड करून ‘क्वांटो’ काढली. या दोन्ही गाड्या फारशा चालल्या नाहीत. २०१३ मध्ये आलेल्या फोर्ड इकोस्पोर्टने मात्र मध्यमवर्गीय ग्राहकाला हॅचबॅकच्या आसपासच्या किमतीत उंच गाडी मिळू शकते हे दाखवून दिले, आणि त्यानंतर २०१६ मध्ये ब्रेझा, २०१७ मध्ये नेक्सॉन, २०१९ मध्ये व्हेन्यू व एक्सयूव्ही ३००, २०२० मध्ये सोनेट अशी रांगच लागली. नेक्सॉन रांजणगावला, महिंद्रची थ्री एक्स ओ नाशिकला आणि कायलॅक चाकणला तयार होते, तर नव्या व्हेन्यूचे उत्पादन २०२५ मध्ये तळेगावला सुरू झाले. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांपैकी निम्म्याहून अधिक वाहने आता उपयुक्तता वाहनांच्या, म्हणजे एसयूव्ही आणि तत्सम गाड्यांच्या, गटात मोडतात.

गमतीचा भाग असा, की शोरूमच्या फलकावर एसयूव्ही म्हणून मिरवणारी ही गाडी कराच्या कागदावर बराच काळ एसयूव्ही नव्हतीच. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर एसयूव्हीवर जो सर्वाधिक उपकर बसे, त्यासाठी लांबी चार मीटरांहून अधिक, इंजिन १,५०० सीसीहून मोठे आणि जमिनीपासूनची उंची किमान १७० मिलिमीटर अशा तिन्ही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागत. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकराची ही उतरंड संपली आणि इंधनावर चालणाऱ्या गाड्यांसाठी दोनच पायऱ्या उरल्या : २००६ च्याच मापात बसणाऱ्या गाड्यांवर १८ टक्के आणि त्यापलीकडच्या गाड्यांवर ४० टक्के कर. येथे ग्राहकाने एक बाब लक्षात ठेवावी, ती म्हणजे लांबी आणि इंजिन या दोन्ही अटी पाळल्या तरच कमी दर लागतो. ब्रेझा लांबीने चार मीटरांच्या आत असली, तरी तिचे पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचे असल्यामुळे ती ४० टक्क्यांच्या पायरीवर जाते, आणि ९९८ किंवा १,१९७ सीसीची व्हेन्यू १८ टक्क्यांत बसते. म्हणून दोन गाड्यांच्या किमती शेजारी ठेवताना त्यांतील किती पैसे गाडीचे आणि किती कराचे हे वेगळे काढले, तरच कोणती कंपनी काय देते हे कळते.

रचनेच्या दृष्टीने पाहिले तर या वर्गातील बहुतेक गाड्या उंच केलेल्या हॅचबॅकच आहेत, आणि यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. जुन्या जीपपासून आजच्या थार व बोलेरोपर्यंतच्या गाड्यांत शिडीच्या आकाराची पोलादी चौकट खाली असते आणि तिच्यावर वरचा सांगाडा वेगळा बसवलेला असतो. ओढ्यानाल्यांतून आणि दगडगोट्यांवरून जाताना चाके वेगवेगळ्या पातळ्यांवर आली, तरी हा बांधा पीळ सहन करतो. कॉम्पॅक्ट एसयूव्हीत मात्र सहसा ‘मोनोकॉक’ रचना असते, म्हणजे तळ, खांब आणि छत मिळून एकच कवच तयार होते, ज्यामुळे वजन कमी राहते, वळणावर गाडी कमी झुकते आणि आदळआपट कमी होते. इंजिनाचा जोरही बहुतेक गाड्यांत फक्त पुढच्या दोन चाकांनाच मिळतो. पावसाळ्यात शेतातल्या चिखलाच्या चढावर जिला रोज जायचे आहे अशी गाडी हवी असेल, तर हा वर्ग त्या ग्राहकासाठी नाही. डांबरी रस्ता, खड्डे, गतिरोधक आणि अधूनमधून मुरुमाचा रस्ता एवढेच समोर असेल, तर चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा अंगावर वागवण्यात इंधन आणि पैसा दोन्ही वाया जातात.

मग हॅचबॅकपेक्षा या गाडीत अधिक काय मिळते, याचे उत्तर बहुतांशी उंचीत आहे. मारुती स्विफ्टची जमिनीपासूनची उंची, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, १६३ मिलिमीटर आहे, कायलॅकची १८९, ब्रेझाची १९८ आणि नेक्सॉनची २०८. फरक अडीच ते साडेचार सेंटिमीटरांचा. ऐकायला किरकोळ, पण गावोगावच्या गतिरोधकांवर नेमका तेवढाच निर्णायक ठरतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, हलक्या गोलाईचा असावा, आणि तसा तो असेल तर स्विफ्टसुद्धा पोट न घासता जाईल. प्रत्यक्षात गल्लीत रातोरात उभा राहणारा डांबराचा उंचवटा अरुंद आणि टोकदार असतो, त्यामुळे पुढची चाके उतरतात आणि मागची चढायच्या आत गाडीचे पोट त्यावर टेकते. येथे ग्राउंड क्लिअरन्सइतकेच महत्त्व पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतराला, म्हणजे व्हीलबेसला, असते. तो जितका लांब, तितके पोट टेकण्याचे भय जास्त. शिवाय माहितीपत्रकातील आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो, आणि पाच माणसे व सामान भरल्यावर स्प्रिंगा दबून तो काही सेंटिमीटरांनी उतरतो, हे गृहीत धरूनच तुलना करावी.

उंचीचा दुसरा लाभ आसनाचा आहे, आणि घरात ज्येष्ठ माणसे असतील तर तोच पहिला मानावा लागेल. हॅचबॅकमध्ये बसताना शरीर खाली सोडावे लागते आणि उतरताना गुडघ्यांवर भार देऊन वर उचलावे लागते; मोठ्या एसयूव्हीत उलट पायरी चढावी लागते आणि नऊवारी किंवा सहावारी नेसलेल्या आजींना ती अवघड जाते. कॉम्पॅक्ट एसयूव्हीची गादी साधारणपणे उभ्या माणसाच्या कमरेच्या थोडी खाली येते, त्यामुळे आधी बसून मग पाय आत घेता येतात. संधिवात असलेल्या व्यक्तीसाठी गाडी निवडताना इंजिनाच्या आकड्यांपेक्षा ही बाब आधी तपासली पाहिजे, आणि ती फक्त त्या व्यक्तीला प्रत्यक्ष बसवूनच तपासता येते. उंच आसनामुळे पुढचा रस्ता लांबवर दिसतो हे खरे, पण उंच बोनेटमुळे अगदी पुढ्यातला काही फुटांचा भाग दिसेनासा होतो हेही तितकेच खरे आहे. सोसायटीच्या आवारात लहान मुले खेळत असतील, तर मागच्या कॅमेऱ्याबरोबर पुढचा कॅमेरा किंवा निदान सेन्सर असणे हा चैनीचा भाग राहत नाही.

लांबी सर्वांची सारखी असल्यामुळे आतल्या जागेची वाटणी कशी केली आहे, एवढाच प्रश्न उरतो. थ्री एक्स ओचा व्हीलबेस २,६०० मिलिमीटर आणि डिकी २९५ लिटरची आहे, तर नेक्सॉनचा व्हीलबेस २,४९८ मिलिमीटर आणि डिकी ३८२ लिटरची. पहिलीने मागच्या प्रवाशाच्या पायांना जागा दिली, दुसरीने सामानाला. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्य आहेत, आणि रोज मागच्या आसनावर उंच माणसे बसणाऱ्या कुटुंबाचा कौल आठवड्याला बाजाराचे सामान आणणाऱ्या कुटुंबाच्या कौलापेक्षा वेगळा पडणे साहजिक आहे. डिकीचे लिटर मोजण्याच्या पद्धती मात्र एकसारख्या नसतात. कोणी मागच्या आडव्या फळीपर्यंत मोजते, कोणी छतापर्यंत, म्हणून आकड्यावर विसंबण्याऐवजी घरातली मोठी बॅग बरोबर नेऊन ती डिकीत ठेवून पाहणे अधिक भरवशाचे. रुंदीकडे तर बहुतेकांचे दुर्लक्ष होते. कराच्या नियमाने लांबी बांधली गेल्यामुळे या गाड्या बाजूने फुगत गेल्या आहेत : नेक्सॉन १,८०४ आणि थ्री एक्स ओ १,८२१ मिलिमीटर रुंद आहे, आणि हे माप आरसे सोडून आहे. अडीच मीटर रुंदीच्या पार्किंगच्या चौकोनात शेजारी खांब असेल, तर दार पूर्ण उघडत नाही. जुन्या पुण्यातील पेठांत किंवा गिरगावातील चाळींच्या गल्ल्यांत तर दार उघडण्याआधी गाडी आत शिरते का, हाच प्रश्न असतो. आपल्या जागेची रुंदी टेपने मोजून मगच शोरूमची पायरी चढावी.

इंजिनाची निवड करताना सर्वाधिक गल्लत होते, कारण ग्राहक वर्षातून दोन-तीनदा होणाऱ्या लांबच्या प्रवासाचा विचार करून इंजिन निवडतो आणि उरलेले दिवस घर ते कचेरी या दहा-पंधरा किलोमीटरांच्या गर्दीत ते चालवतो. इंजिनाचा जोर दोन आकड्यांनी सांगितला जातो. ‘पॉवर’ गाडी अखेर किती वेगाने पळेल हे सुचवते, आणि ‘टॉर्क’, म्हणजे चाकाला फिरवणारा पिळाचा जोर, ती किती सहज हलेल हे सांगतो. सामान्य बोलण्यात ज्याला पिकअप म्हणतात तो बराचसा टॉर्कवर अवलंबून असतो. व्हेन्यूचीच तीन इंजिने घेतली तर फरक लक्षात येतो. १.२ लिटरचे साधे पेट्रोल इंजिन ११४ न्यूटन-मीटर टॉर्क देते आणि तोही मिनिटाला ४,००० फेरे झाल्यावर, १ लिटरचे टर्बो पेट्रोल १७२ न्यूटन-मीटर १,५०० फेऱ्यांपासून देते, १.५ लिटरचे डिझेल १,५०० फेऱ्यांपासूनच २५० देते. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या गरम वायूच्या झोताने फिरणारा छोटा पंखा, जो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, आणि हवा जास्त तर इंधनही जास्त जाळता येते. सिग्नलपासून सिग्नलपर्यंतच्या सपाट प्रवासात साधे इंजिन पुरते, शांत चालते आणि देखभालीला सोपे असते. तेच इंजिन चार माणसे, सामान आणि एसी अशा ओझ्यासह घाटात न्यावे, तर दुसऱ्या गिअरवरून वर जायला तयार होत नाही. त्यात उंचीवर हवा विरळ होते : महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवेची घनता सुमारे आठव्या हिश्श्याने कमी भरते आणि साध्या इंजिनाची ताकद जवळजवळ त्याच प्रमाणात घटते, तर टर्बो ही तूट बव्हंशी भरून काढतो. म्हणून कोल्हापूर-सांगलीच्या सपाटीवर राहणाऱ्या कुटुंबाने साध्या इंजिनावर समाधान मानण्यास हरकत नाही, परंतु ज्याचे गाव कोकणात आणि नोकरी घाटमाथ्यावर आहे व जो महिन्यातून दोनदा आंबा किंवा ताम्हिणी घाट चढतो, त्याने टर्बोचे जास्तीचे पैसे मोजावेत. टर्बोची किंमत इंधनातही द्यावी लागते. गर्दीत पाय जड असला तर छोटे टर्बो इंजिन मोठ्या इंजिनाइतकेच पेट्रोल पिते.

डिझेलचे आकर्षण जुने आहे, पण रोजच्या छोट्या फेऱ्यांसाठी ते आता सल्ला देण्याजोगे राहिलेले नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषणाची मर्यादा लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी बसवावी लागली. ही गाळणी भरली की इंजिन आतले तापमान खूप वाढवून साठलेली काजळी जाळून टाकते, मात्र त्यासाठी गाडी काही वेळ सलग आणि बऱ्या वेगाने चालावी लागते. पुण्यात कर्वेनगर ते डेक्कन एवढीच रोजची धाव असलेल्या गाडीला तशी संधीच मिळत नाही, गाळणी तुंबते, इशाऱ्याचा दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या सुरू होतात. त्यातच महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळी भरायचा एकरकमी वाहन कर डिझेलला पेट्रोलपेक्षा दोन टक्के अधिक आहे. महामार्गावर वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर फिरणाऱ्या व्यावसायिकासाठीच आता डिझेलचा हिशोब जुळतो.

सीएनजीचा हिशोब याच्या उलट बाजूने करावा लागतो. मुंबई, पुणे, नाशिक या पट्ट्यात पंप पुरेसे आहेत आणि प्रति किलोमीटर खर्च कमी येतो; मात्र टाकीमुळे डिकी जाते, पंपावर रांग असते, दर तीन वर्षांनी टाकीची दाबचाचणी करून घ्यावी लागते आणि ताकद घटते. ब्रेझाचे इंजिन पेट्रोलवर सुमारे १०३ अश्वशक्ती देते, तर सीएनजीवर सुमारे ८८. एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवण्याची टाटाची युक्ती डिकीपुरती अडचण कमी करते. पेट्रोलबाबतही एक नवी गोष्ट विचारात घ्यावी लागते, ती म्हणजे त्यात मिसळलेले २० टक्के इथेनॉल. त्याचा काही भाग महाराष्ट्रातल्याच साखर कारखान्यांतून येतो. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मिश्रणाच्या प्रत्येक लिटरमागे साधारण सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळते, आणि गाडी ‘ॲव्हरेज’ कमी देते अशी जी तक्रार कानावर येते, तिच्यामागे हेही एक कारण असते.

विजेवर चालणारी गाडी खरे तर या सगळ्या चर्चेत सर्वांत आधी यायला हवी, कारण रोजची ठराविक, छोटी आणि सतत थांबत-थांबत होणारी धाव हेच तिचे खरे क्षेत्र आहे. पेट्रोल गाडी ब्रेक दाबताना जी ऊर्जा उष्णतेत घालवते, तिचा काही भाग विजेची गाडी मोटर जनित्रासारखी वापरून बॅटरीत परत भरते, आणि सिग्नलला उभी असताना एसीशिवाय जवळजवळ काहीच खात नाही. निर्णय मात्र गाडीपेक्षा पार्किंगवर अवलंबून असतो. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून साधारण ३ किलोवॉट वीज मिळते, म्हणजे ३० किलोवॉट-तास क्षमतेची बॅटरी रिकामी असेल तर भरायला दहा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि रात्रभर गाडी उभी राहणार असेल तर त्यात गैरसोय काहीच नाही. स्वतःच्या जागेवर मीटरपासून वायर नेण्याची परवानगी सोसायटीकडून लेखी मिळाली नसेल, तर मात्र हा पर्याय पुढे ढकलावा. सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर रोजची गाडी चालवणे त्रासाचे आणि महागही पडते.

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात सांगायचे तर रोज तासभर हाफ क्लचवर पाय ठेवणाऱ्याने ऑटोमॅटिक घ्यावी आणि मग तिच्या प्रकारांत फरक करावा. एएमटी हा साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलते. तो स्वस्त आणि इंधन वाचवणारा आहे, पण गिअर बदलताना मान पुढे-मागे होते. सीव्हीटीत गिअरच नसतात, दोन शंकूंमधील पट्टा सरकत राहतो, म्हणून शहरात त्यासारखे गुळगुळीत दुसरे काही नाही. दोन क्लचचा डीसीटी चपळ आहे, मात्र चढावरच्या कोंडीत काही गाड्यांत त्याचे क्लच तापतात. टॉर्क कन्व्हर्टर हा जुना, तेलाच्या माध्यमातून जोर देणारा प्रकार थोडे जास्त इंधन घेतो, पण सर्वांत टिकाऊ समजला जातो.

जाहिरातीत छापलेले ॲव्हरेज हे प्रयोगशाळेतले माप असते. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, या संस्थेसारख्या ठिकाणी गाडी रूळांवर उभी करून, एसी बंद ठेवून, ठरलेल्या वेगांच्या क्रमाने पळवली जाते आणि त्या क्रमात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. त्या रूळांवर ना रिक्षा आडवी येते, ना पाऊस पडतो. हे माप खोटे नाही. एका गाडीची दुसऱ्या गाडीशी तुलना करण्यासाठी ते योग्यच आहे. पण त्यावरून महिन्याच्या पेट्रोलचा खर्च काढला तर हिशोब चुकतो, आणि कागदावर १८-१९ दिसणारी पेट्रोल गाडी शहरात १०-१२ वर आली, तर तिच्यात बिघाड झाला असे समजू नये.

सुरक्षिततेच्या बाबतीत या वर्गाने भारतीय बाजाराला एक वळण दिले, हे मान्य करावे लागते. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉन ही ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत प्रौढ प्रवाशांसाठी पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी ठरली, आणि त्यानंतर ताऱ्यांचा उल्लेख विक्रीच्या भाषेत आला. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही देशातली चाचणीव्यवस्था सुरू झाली असून तिच्यात समोरून ताशी ६४ किलोमीटर वेगाने, बाजूने ५० वेगाने आणि खांबावर बाजूने २९ वेगाने धडक घेतली जाते. प्रौढांसाठी ३२ आणि मुलांसाठी ४९ पैकी गुण देऊन त्यावरून तारे ठरतात. तारे वाचताना वर्षही वाचावे. २०१८ च्या चाचणीत खांबाच्या धडकेचा समावेश नव्हता, त्यामुळे तेव्हाचे पाच तारे आणि आजचे पाच तारे एका तराजूत घालता येत नाहीत. समोरासमोरच्या धडकेची चाचणी साधारणपणे स्वतःच्याच वजनाच्या गाडीशी टक्कर झाली असे मानून घेतली जाते. समोर मालाने भरलेला ट्रक असेल तर तारे फारसे कामाला येत नाहीत. मागच्या आसनावर मधल्या प्रवाशालाही तीन बिंदूंचा पट्टा आणि डोक्याला आधार आहे का, लहान मुलाचे आसन अडकवण्याची सोय आहे का, हे प्रश्न विक्रेत्याला बहुधा कोणी विचारत नाही.

उंच गाडीला एक मूळचा धोका असतो. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले की गाडी कलंडण्याला किती विरोध करेल याचा अंदाज येतो, आणि गाडी उंच केली की हा भागाकार घटतो. म्हणून इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी घसरू लागताच एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला रेषेत आणणारी यंत्रणा, हॅचबॅकपेक्षा येथे अधिक गरजेची ठरते. टायरबाबत मात्र उलट दिशेने, म्हणजे कमी दिखाऊ आवृत्तीकडे, वळणे शहाणपणाचे आहे. २१५/६० आर १६ असे लिहिलेल्या टायरची बाजूची उंची १२९ मिलिमीटर भरते, तर २१५/५५ आर १७ ची ११८ मिलिमीटर. मोठे चाक दिसायला रुबाबदार, पण खड्ड्याचा दणका सोसणारे रबर त्यात कमी आणि रिमला वाक येण्याची शक्यता जास्त. हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे साहित्य दिले असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा २०२० पासून उत्पादकांना आहे, म्हणून डिकीची फळी उचलून खाली काय आहे ते पाहिलेच पाहिजे.

विम्याच्या हप्त्यातही मोजमापांची तीच गंमत आढळते. २०२२ च्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या गाडीचा वार्षिक त्रयस्थ विमा २,०९४ रुपये आणि त्यापुढे १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीचा ३,४१६ रुपये आहे, त्यामुळे १२० अश्वशक्तीच्या ९९८ सीसी टर्बोचा हप्ता ८३ अश्वशक्तीच्या १,१९७ सीसी इंजिनापेक्षा कमी पडतो.

सनरूफबद्दल एवढेच म्हणता येईल, की महाराष्ट्राच्या उन्हात ते वर्षातले बहुतेक दिवस पडदा ओढून ठेवावे लागते, आणि त्याची चौकट छताखाली बसवल्यामुळे उंच माणसाच्या डोक्यावरची जागा कमी होते. त्याच पैशांत मागच्या प्रवाशांसाठी एसीचे झरोके, उंची बदलता येणारे चालकाचे आसन आणि चांगले दिवे मिळत असतील तर ती आवृत्ती निवडावी. एसीचा वेग पडद्यावर बोट फिरवून बदलावा लागत असेल तर तो दोषच समजावा. रस्त्यावरची नजर न काढता हाताला सापडेल असे बटण चालत्या गाडीत अधिक उपयोगी पडते. विक्रेता टेस्ट ड्राइव्ह सहसा दुपारी, मोकळ्या आणि सपाट रस्त्यावर देतो. ती संध्याकाळच्या गर्दीत, एसी लावून, घरच्या माणसांसह आणि आपल्याच इमारतीच्या उतारावरून मागावी, आणि जी आवृत्ती घ्यायची आहे तीच गाडी चालवून पाहावी. गाडी ताब्यात घेण्याआधी ती डेपोत किती काळ उभी होती याचा अंदाज टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांवरून येतो : पहिले दोन आकडे आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष, म्हणजे २३२५ असे लिहिले असेल तर तो टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला असतो.